अर्ध्या सेकंदाचा वाचक

नाजी बिन हमूदाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे स्फाक्स बंदरातल्या आमच्या तंत्रसंस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही अठरा वर्षं संस्थेतला सर्वांत मोठा वाचक तोच होता. यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटलं नाही. आमच्याकडे एखादी गोष्ट दोन महिने चालली की तिची रीत होते, आणि दोन वर्षं चालली की तिच्यासाठी रबरी शिक्का बनवून घेतात.

मुळात चूक माझी. मी प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात चाळीस नवे संगणक आले. मंत्रालयाने ते असे कुलूपबंद करून पाठवले होते की पडद्यावर एकच चित्र उरलं होतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलरकडे जायचा, कंपायलर तो तपासायचा आणि काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत चुका दाखवायचा. त्या चित्रामागच्या चार ओळींच्या आज्ञा मी लिहिल्या होत्या. चौथी ओळ संपली की खिडकी आपोआप मिटायची. म्हणजे चुका दिसायच्या खऱ्या, पण अर्धा सेकंद. पापणी लवली की गेल्या.

पोरं डोळे फाडून बसायची. कुणी म्हणे दोन ओळी होत्या, कुणी म्हणे बारा. एकाने तर खिडकी उघडायच्या आधी तिच्या जागी कागद लावून ठेवला, छाप उमटेल म्हणून. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणत, "लक्ष द्या, म्हणजे दिसेल." त्यांनाही दिसत नव्हतं, पण ते कबूल कोण करणार?

नाजी तेव्हा शिपाई होता. एके दिवशी तो प्राध्यापकांसाठी चहाचं तबक घेऊन प्रयोगशाळेतून चालला होता. एक मुलगा पाचव्यांदा टिचकी मारून कपाळावर हात मारून घेत होता. नाजी न थांबताच म्हणाला, "सत्तावीस. सत्ताविसाव्या ओळीत काहीतरी मिटायचं राहिलंय. टोपी अगदी शेवटाला होती."

टोपी म्हणजे चुकीच्या जागेखाली कंपायलर जी टोकदार खूण करतो ती. मुलाने सत्ताविसावी ओळ बघितली. शेवटचं विरामचिन्ह राहिलं होतं. ते घातलं आणि प्रोग्रॅम चालला. पोरांनी असा गलका केला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले.

आता यात जादू काही नव्हती. नाजी केर्केन्ना बेटांवरचा, मासेमारांच्या घरातला. उथळ पाण्यात मासा वळला की त्याचं पोट क्षणभर चमकतं, आणि तेवढ्यात मासा कुठला, केवढा, किती आहेत हे सांगायचं, हे त्याचं सातव्या वर्षापासूनचं काम. आकडे त्याला मासळीबाजारातल्या लिलावाने शिकवले होते. अक्षरं मात्र कुणीच शिकवली नव्हती. मी त्याला विचारलं, "तुला नक्की दिसतं तरी काय?" तो म्हणाला, "वर एक लांब ओळ, खाली दोन तोकड्या, त्याखाली टोपी. एक आकडा चमकतो, तो सांगतो. बाकीचं मला काय करायचंय?"

चुका तीस असोत की तीनशे, तो पहिलीच सांगायचा. एका मुलीने घाबरून विचारलं, "काका, बाकीच्यांचं काय?" तर म्हणाला, "पोरी, मयत एकच असतं. बाकीच्या नुसत्या रडायला आलेल्या बायका. मयत उचललं की त्या आपल्या पायांनी जातात." आणि खरंच जायच्या. एवढी गोष्ट आमच्या प्राध्यापकांनी कधी इतक्या सोप्या शब्दांत सांगितली नव्हती, आणि ते परदेशी शिकून आलेले.

महिनाभरात संचालक सी अब्देलवाहेद (‘सी’ म्हणजे आमच्याकडचं ‘श्री’) यांनी नाजीच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि त्याच्यासाठी ‘क्षणदर्शन साहाय्यक’ अशी कायमची जागा मंजूर करून आणली. बंद पडलेल्या एका न्हाव्याच्या दुकानातली फिरती खुर्ची आणली आणि प्रयोगशाळेच्या मधोमध ठेवली. विद्यार्थ्याने हात वर करून "काका, नजर!" म्हणायचं, नाजीने खुर्ची वळवायची, टिचकी वाजायची, खिडकी मिटायची, आणि नाजी आकडा सांगायचा. दहा ते सव्वादहा डोळ्यांना विश्रांती. वर्षातून एकदा सरकारी नेत्रतपासणी.

परीक्षेचे नियम वेगळे होते. प्रत्येक उमेदवाराला तीन नजरा. नाजीने आकडा तेवढा सांगायचा, टोपीबद्दल बोलायचं नाही, कारण टोपी सांगणं म्हणजे उत्तर फोडणं. परीक्षेच्या दिवशी त्याला हरीसाची लाल चटणी घातलेला लबलाबी, म्हणजे चण्यांचा रस्सा, खायला बंदी होती, कारण त्या तिखटाने डोळ्यांत पाणी येतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका उमेदवाराच्या तिसऱ्या नजरेला नाजी नेमका शिंकला. पोराने अपील केलं. विद्वत्सभा दोन दिवस बसली आणि ठराव झाला: वाचक शिंकल्यास नजर झाली नाही असं समजावं, उमेदवार शिंकल्यास झाली असं समजावं. प्राध्यापकांपैकी एकाने विचारलं, दोघंही शिंकले तर? तो मुद्दा पुढच्या सभेवर गेला, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

आता तुम्ही विचाराल, खिडकी थांबवता येत नव्हती का? येत होती. शेवटी पाच अक्षरांचा एक शब्द घातला की ती थांबते, कुणीतरी कळ दाबेपर्यंत तशीच उभी राहते. हे मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. त्याच दिवशी मी तो शब्द घालायला निघालो होतो. वाटेत नाजी भेटला. कायम झाल्याबद्दल त्याने घरून मक्रूद आणले होते, खजुराचे, मधात बुडवलेले. ते सगळ्या मजल्यांवर वाटत फिरत होता, आणि माझ्या हातात दोन ठेवत म्हणाला, "रऊफ, तुझी ती खिडकी बंद होते म्हणून आज माझ्या घरी सण आहे." मी मक्रूद खाल्ले आणि माझ्या खोलीत परत गेलो. मला वाटलं, मी फार थोर काम केलं. पुढे कधी घरी संगणक असलेलं एखादं पोर येऊन कुजबुजायचं, "सी रऊफ, आमच्याकडे तर खिडकी थांबते." मी म्हणायचो, "तुमचं मॉडेल वेगळं." अठरा वर्षं मी हे सांगत होतो. आज लिहिताना लाज वाटते.

मग लल्ला दोर्साफ आल्या; ‘लल्ला’ म्हणजे आमच्याकडे ‘बाई’. तिशीतल्या, सूस शहरातल्या, नव्याने नेमलेल्या प्राध्यापिका. पहिल्याच तासाला त्यांनी न्हाव्याच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारलं, "हे काका इथे काय करतात?"

"चुका वाचतात," पोरं म्हणाली.

"आणि तुम्ही काय करता?"

बाईंनी मंत्रालयाला फोन करून अर्ध्या तासात कुलुपाचा परवलीचा शब्द मिळवला. इतक्या वर्षांत माझ्याखेरीज तो कुणी मागितलाच नव्हता. मग त्यांनी माझ्या चार ओळी उघडल्या, खाली पाच अक्षरं लिहिली आणि म्हणाल्या, "आता दाबा."

खिडकी उघडली आणि मिटली नाही.

पहिल्या रांगेतली रानिया उभी राहिली आणि ओरडली, "बंद होत नाहीये! सी रऊफना बोलवा, बंद होत नाहीये!" मागच्या एकाने धावत जाऊन प्लग उपटला. दोघं दाराबाहेर पळाले. बाई म्हणत होत्या, "अरे वाचा! वाचा ना!" पण आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या चुका समोर ठाण मांडून बसलेल्या बघून पोरांचा धीर सुटला होता. रानिया हळूच म्हणाली, "काका, तुम्हीच बघा ना."

नाजीने खुर्ची वळवली. बघितलं. बघत राहिला. मग माझ्याकडे वळून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "ही मेली का रे?"

"नाही. थांबलीय."

"पण मग ही जात का नाही? सगळे आकडे एकदम माझ्याकडे बघतायत. ह्यातला कुठला?" त्याच्या कपाळावर घाम होता. "बंद कर, रऊफ. बंद कर तिला."

मी कळ दाबली. आठवडाभर नाजी खुर्चीत बसून राहिला आणि कुणी त्याला हाक मारली नाही. पोरं हळूहळू सरावली, बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागली. मला त्यांचा रागच आला, खरं सांगतो, आणि त्यात त्यांचा काय दोष होता?

पंधरा दिवसांत मंत्रालयाचं पत्र आलं. क्षणदर्शन साहाय्यकाची गरज उरली आहे की नाही, हे तपासायला निरीक्षक येणार. गरज नसेल तर नाजीला निवृत्तीपर्यंतचे चौदा महिने तोझरला, खजूर-संशोधन केंद्राच्या गोदामात काढावे लागणार. तोझर म्हणजे वाळवंटाचं तोंड. नाजीने जन्मात समुद्र दिसत नाही अशा गावी मुक्काम केला नव्हता. त्याची बायको मब्रूका म्हणाली, "तू जा खुशाल. मी बेटावर जाते. तिथे निदान वारा ओळखीचा आहे." तिचं वय पंचावन्न, आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. नाजी मला म्हणाला, "ती चेष्टा करत नाहीये रे. तिने पेटी भरायला घेतलीय."

त्याने तयारी सुरू केली. थांबलेल्या खिडकीसमोर बसून भराभर पापण्या मिटून बघितल्या, जमलं नाही. मान झटकून बघितली, मान अवघडली. शेवटी युक्ती सापडली. खुर्ची गरागरा फिरवायची, म्हणजे खिडकी डोळ्यांपुढून जाते आणि चमकते. चार दिवस तो प्रयोगशाळेत फिरत होता. मी धक्का द्यायला होतोच.

निरीक्षक सी शाकेर आले ते एका सोमवारी. चष्मा, पोट, दोन फायली. संचालक, लल्ला दोर्साफ, मी आणि पहिल्या रांगेतली पोरं एवढे लोक होतो. निरीक्षकांनी खिडकी उघडायला लावली. ती थांबली.

"सी नाजी, वाचा."

नाजी तिच्याकडे बघत राहिला. घड्याळाचा काटा पुढे सरकला.

"वाचा ना. ती कुठे पळून जात नाहीये."

"तेच तर, साहेब," नाजी म्हणाला. "मला फिरायची परवानगी द्या."

"काय करायची?"

"फिरायची."

निरीक्षकांनी संचालकांकडे बघितलं. संचालकांनी छताकडे बघितलं. मी खुर्चीला धक्का दिला. नाजी एक फेरी फिरला आणि ओरडला, "त्रेचाळीस! टोपी मध्ये!" बरोबर होतं. रानियाने टाळी वाजवली. दुसरी खिडकी उघडली. नाजी पुन्हा फिरला, या वेळी मी धक्का जरा जोरात दिला असेन, तो तीन फेऱ्या फिरला, खुर्चीतून घसरला आणि फरशीवर बसला. तिथूनच म्हणाला, "नऊ." तेही बरोबर होतं.

"म्हणजे संस्थेने काका फिरवायला एक माणूस नेमायचा?" निरीक्षक हसत म्हणाले. "आणि जमिनीवरून उचलायला दुसरा? अब्देलवाहेद, तुम्ही अठरा वर्षं एका निरक्षर माणसाला वाचक म्हणून पोसलंत!"

नाजी फरशीवर होता. उठायचा प्रयत्न करत होता आणि चक्कर येत होती म्हणून पुन्हा बसत होता. मला ते बघवेना. माझं डोकं फिरलं.

"त्याला काय बोलता?" मी म्हणालो. "दोष माझा आहे. त्या चार ओळी मी लिहिल्या. खिडकी पहिल्या दिवसापासून थांबू शकत होती. मला ठाऊक होतं."

नाजीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

निरीक्षकांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी लिहायला सुरुवात केली, लिहिता लिहिता मोठ्याने बोलत होते. "खिडकी थांबू शकत होती. म्हणजे ही जागा मुळात निर्माण व्हायलाच नको होती. जागाच नव्हती, तर परीक्षेतल्या नजरा अवैध. नजरा अवैध, तर त्या परीक्षा अवैध. परीक्षा अवैध, तर पदव्या..." इथे पेन थांबलं. "किती पदव्या?"

"चार हजारांच्या वर," संचालक म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "माझा मुलगा त्यातलाच. आणि साहेब, तुमच्या मंत्रालयाच्या संगणक विभागात बसतात ते सात जणही."

"सात?"

"प्रमुख धरून आठ."

सी शाकेर यांनी चष्मा घातला, लिहिलेला कागद फाडला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. मग नवा कागद घेतला.

"खिडकी थांबू शकत नाही," ते म्हणाले.

"साहेब," लल्ला दोर्साफ म्हणाल्या, "ती तुमच्या समोर थांबली आहे."

"लल्ला, ती थांबलेली नाही. तिला बंद व्हायला उशीर होतोय." आणि ते लिहू लागले. "तांत्रिक बिघाड. तंत्रज्ञाने आजच्या आज दुरुस्त करावा. क्षणदर्शन साहाय्यकाची जागा चालू राहावी. खुर्ची फिरवू नये."

बाईंनी तोंड उघडलं, पोरांकडे बघितलं, आणि बहुधा चार हजारांचा विचार केला. वही मिटून त्या निघून गेल्या. जाताना दार आपटलं, ते योग्यच होतं.

मी तिथल्या तिथे पाच अक्षरं पुसली. पोरांनी नाजीला उचलून खुर्चीत बसवलं, बदामाचा चहा आला, संचालकांनी त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. कुणीतरी मब्रूकाला फोन लावून सांगितलं की पेटी उघड. नाजीने सगळ्यांचे आभार मानले. रानियाने हौसेने हात वर केला, "काका, नजर!" खिडकी उघडली, मिटली. नाजी म्हणाला, "अठरा." बरोबर होतं. सगळे हसले. तो हसला नाही.

दुपारच्या सुट्टीत तो माझ्या खोलीत आला. दार लोटून घेतलं आणि उभाच राहिला.

"तुला कधी कळलं होतं?"

"दुसऱ्या महिन्यात. तू मक्रूद वाटत होतास त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी जागा गेली असती, नाजी. मी तुझ्यासाठीच..."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. अठरा वर्षांत तो माझ्यावर दोन-तीनदा चांगलाच ओरडला होता, आणि मला ते झेपलं होतं. या वेळी त्याने माझ्या पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"शिपाई राहिलो असतो," तो म्हणाला. "चहा नेला असता. आणि जाता-येता ती समोर उभी असती. अठरा वर्षं, रऊफ. मी वाचायला शिकलो असतो."

मला वाटत होतं मी त्याला काहीतरी दिलं. मी त्याच्याकडून काय काढून घेतलं, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं.

मग नाजीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि माझ्या संगणकासमोर बसला. मी माझ्या एकट्याच्या यंत्रावर तो शब्द पुन्हा घातला आणि मुद्दाम चुकवलेला एक छोटा प्रोग्रॅम कंपायलरला दिला. खिडकी उघडली आणि थांबली. नाजीने नजर दुसरीकडे वळवली, सवयीने. मग परत आणली. चौदा महिने त्याच्या हातात होते आणि सुट्टी संपायला वीस मिनिटं. त्याने काचेवर बोट टेकलं, पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर, अगदी डाव्या टोकाला.

"हे कोणतं?"

मी सांगितलं. त्याने ते तीनदा म्हटलं, हळूहळू, आणि बोट पुढच्या अक्षरावर सरकवलं.